निवडू नये

साधनाबाईंनी गल्लीतल्या एकूण एक दाराला हात जोडले आणि स्वतःच्या दारावरून तशाच पुढे गेल्या. ही गोष्ट परवा संध्याकाळची, महापालिकेचा प्रचार संपायला थोडाच वेळ उरला होता तेव्हाची. त्यांचे यजमान ओमप्रकाशजी दारातच उभे होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, चेहऱ्यावर मतदाराला शोभेल इतपत विचारीपणा. उमेदवार घरचाच असला म्हणून काय झालं, दारात येणार म्हटल्यावर माणसानं थोडी तयारी करावी. मागून ऑटोत भोंगा घेऊन येणाऱ्या देवमननं, म्हणजे समोरच्या घरातल्या त्यांच्या जुन्या दोस्तानं, माइकवर हात ठेवून विचारलं, "वहिनी, हे घर राह्यलं ना!" साधनाबाईंनी मान वळवली नाही. "थ्या घरचं मत ऐच्छिक आहे," त्या म्हणाल्या, "चाला पुढं." देवमनचा हात माइकवर नीट बसला नव्हता. वाक्य भोंग्यातून निघालं, गच्चीवरच्या टाक्यांवर आपटून परत आलं, आणि अमरावतीच्या त्या भागात ज्यांना हे घर ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं.

तेव्हापासून ओमप्रकाशजींना स्वतःचाच अंदाज येत नव्हता. राग म्हणावा तर भूक वाढली होती. अपमान म्हणावा तर मधूनच हसू फुटत होतं. पहाटे भाजीबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू व्हायच्या आधी अडत्या घसा खाकरतो, ओरडणारे सगळे व्यापारी एकदम गप्प होतात, आणि त्या गप्प क्षणात आता मेथीचा भाव कुठून निघणार या विचारानं पोटरीपर्यंत जे शिरशिरतं, ते आता दोन दिवस सलग शिरशिरत होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते हर्राशीला जात नव्हते. भाजीच्या गाळ्यावर साधनाबाईच बसायच्या. आपल्या अंगात ही शिरशिरी अजून शिल्लक आहे, याचंच त्यांना कौतुक वाटलं. मनातलं मागणं मात्र अगदी स्वच्छ होतं. बायकोनं आपल्याला मत मागावं. एकदा. हात जोडून, जसं बाकी जगाला मागितलं तसं. मागून घेतलेलं मत हे दानच नव्हे, असं जन्मभर सांगत आलेल्या माणसाला ही इच्छा व्हावी, यातली गंमत त्यांना कळत होती. कळून इच्छा कमी होत नव्हती, एवढंच.

कारण ओमप्रकाशजींनी आजपर्यंत एकदाही मतदान केलेलं नव्हतं. यात आळस नव्हता. उलट मतदान न करण्यासाठी त्यांनी जितके कष्ट घेतले तितके बरेच लोक निवडून येण्यासाठी घेत नाहीत. दर निवडणुकीला ते सकाळी आंघोळ करून पानठेल्यावर जायचे, डाव्या हाताचं कोरं बोट वर करून उभे राहायचे आणि येईल त्याला समजावायचे, की अन्नदान पाहा, रक्तदान पाहा, मतदान पाहा. दान म्हटलं की देणाऱ्याची मर्जी आली. परदेशात म्हणे काही ठिकाणी मत दिलं नाही तर दंड करतात. दंड करून घेतलं तर त्याला दान म्हणत नाहीत बाप्पा, वसुली म्हणतात. हे शेवटचं वाक्य त्यांचं फार जुनं, अकोल्याचं. अकोल्याला एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती, विषय 'मतदान सक्तीचे असावे की ऐच्छिक?', आणि अमरावतीहून गेलेल्या ओमप्रकाशनं ऐच्छिकच्या बाजूनं हे वाक्य असं काही टाकलं की परीक्षकांपैकी एकजण टेबलावर थाप मारून बसला. ढाल त्यांनाच मिळाली. सक्तीच्या बाजूनं बोललेली, दोन वेण्यांची, बोलताना डोळ्यांत पाणी आणणारी अकोल्याची मुलगी हरली. पुढं वर्षभरात तिचंच स्थळ सांगून आलं. तिच्या घरचे भाजीवाले, हेही भाजीवाले, जमण्यासारखंच होतं. पाहण्याच्या वेळी कोणीतरी पुढारलेल्या काकानं मध्येच म्हटलं, पोरीचं मत इचारलं का? तिचे वडील म्हणाले, तिचं काय मत राहते? तेव्हा पोहे देता देता पोरगी म्हणाली, "भाषण ऐकलं ह्यायचं. चुकीचं होतं. आवाज चांगला आहे." या मतावर लग्न झालं.

घरात तो वाद पुढं चालूच राहिला, इतर घरांत देवाचा दिवा चालू असतो तसा. पोरं मोठी होऊन नोकरीला गेली, वाद घरीच राहिला. साधनाबाई दरवेळी मतदान करून यायच्या आणि शाईचं बोट त्यांच्या नाकासमोर धरून म्हणायच्या, "सक्ती पायजे." ते म्हणायचे, "मर्जी पायजे." गाळ्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'माल निवडू नये'. बाया भेंडीची टोकं मोडून पाहतात, वांगी दाबून पाहतात, म्हणून त्यांनी ढीग लावायची पद्धत ठेवली होती. ढीग उचला नाहीतर पुढं जा. या पाटीवरून साधनाबाईंनी त्यांना किती वेळा बोलून घेतलं होतं! "लोकायले एक भेंडी निवडू देत नाई, अन् निवडणुकीत मर्जी पायजे म्हणते हा माणूस." यावर ओमप्रकाशजी भाव पाडून विकायचे, म्हणजे हसायचे. पण मधल्या काळात साधनाबाई हसेनाशा झाल्या होत्या. गाळ्यावर बसायला लागल्यापासून त्यांच्या लक्षात आलं होतं की नांदगाव खंडेश्वराकडून पहाटे पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन येणाऱ्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत, तर बाजारात बायांना जायला जागा नाही. पुरुषांनी स्वतःची सोय भिंतीपाशी करून घेतलेली, बायांनी तहानेपाशी. साधनाबाईंनी अर्ज केले, निवेदनं दिली, मग एके दिवशी उठून अपक्ष म्हणून उभ्याच राहिल्या. निशाणी फुलकोबी मिळाली. विरोधक म्हणाले, आतून अळी निघते. साधनाबाई म्हणाल्या, आमी मिठाच्या पाण्यात धुऊन घेतो, तुमी कायच्यात धुता?

आज मतदानाचा दिवस. थंडी होती, आणि साधनाबाई उजाडायच्या आत निघून गेल्या होत्या. त्यांचा अर्धा राहिलेला चहा ओट्यावर साय धरून बसला होता. ओमप्रकाशजींनी तो पिऊन टाकला. घरात कोणी नसताना बायकोचा उष्टा चहा पिताना त्यांना एकदम कॉलेजात असल्यासारखं वाटलं आणि लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी बरं वाटलं. पुन्हा दाढी केली. कालचीच होती, तरी केली. आरशात बोट पाहिलं. कोरं. इतक्या वर्षांचं कोरं बोट म्हणजे काही थोडीथोडकी कमाई नव्हे. तेवढ्यात देवमन फाटकातून ओरडला, "काय ओम्या, चालतं का पानठेल्यावर? आज तुयं भाषण राहते ना!" आणि ओमप्रकाशजींच्या तोंडून निघून गेलं, "नाई रे. आज मले जा लागते."

"कुठी?"

"जा लागते म्हटलं ना."

देवमन नवलानं स्वतःशीच "आता माया," म्हणाला आणि गेला. ओमप्रकाशजी मात्र चप्पल अर्धी पायात तशीच ठेवून उभे राहिले. जा लागते. म्हणजे जावंच लागतं. हे शब्द त्यांचे नव्हते. पुरुष म्हणतो, जाऊन येतो. म्हणतो, जरा बाहेर जातो. नाहीतर काही म्हणतच नाही, जातो. जा लागते हे त्यांनी आपल्या आईच्या तोंडून ऐकलं होतं, बहिणीच्या, साऱ्या गल्लीतल्या बायांच्या. आणि मग एकदम, डोक्यात कुठंतरी पोत्याखाली दबलेलं, ओलसर, त्या मुलीचं अकोल्याचं भाषणच त्यांना ऐकू यायला लागलं. ढाल मिळाल्याच्या आनंदात ते त्यांनी त्या दिवशीच विसरून टाकलं होतं. ती दोन वेण्यांची मुलगी माइक दोन्ही हातांनी धरून म्हणत होती, माझ्या आईला घरी कोणीही जाऊ नको म्हणत नाही. सगळे म्हणतात, गेलंच पाहिजे असं कुठं आहे? आणि मग भाकरी असतात, म्हशी असतात, संध्याकाळ होते. आमच्या घरातली बाई उंबऱ्याबाहेर पडते ती फक्त एका वाक्यावर. आणि इथं तिची शुद्ध भाषा सुटली होती, अगदी बांध फुटावा तशी: "मयतीले जा लागते, बारशाले जा लागते, दवाखान्यात जा लागते! मतदानाले जा लागते असा कायदा करा, मंग पाहा माझी माय कशी निंघते थे!" सभागृह हसलं होतं. ओमप्रकाशही हसला होता. परीक्षकांनी भाषेचे गुण कापले, आणि ज्याची भाषा शुद्ध होती त्याला ढाल दिली. तेव्हा मर्जी म्हणजे कोणाची मर्जी, हा प्रश्न त्या मुलीनं विचारला होता, आणि उत्तर मिळण्याऐवजी तिला दुसरं बक्षीस म्हणून एक पेन मिळालं होतं. ओमप्रकाशजी रस्त्यानं चालत होते, जवळजवळ पळत होते, गुडघे कुठं होते कोण जाणे. उन्हाची कोवळी पट्टी रस्त्यावर पडली होती आणि ती तुडवताना त्यांना वाटत होतं, की हे आपल्याला सुचलेलं जगात पहिल्यांदाच कोणाला तरी सुचलं आहे. सुचलं तर तिला होतं. कोणाला तरी गाठून सांगावं असं वाटत होतं. सांगण्यासारखं माणूस एकच होतं आणि ते आज कुठल्या केंद्रावर असेल याचा पत्ता नव्हता.

शाळेत रांग होती. ओमप्रकाशजींना रांगेत पाहून लोकांनी जो आवाज केला तो एरवी क्रिकेटच्या वेळी करतात. त्यांच्यापुढं पार्बताबाई होत्या, गल्लीतल्याच, कानानं थोड्या कमी. आत चार मतं द्यावी लागतात, कोणी पसंत नसेल तर नोटा दाबायचा, असं एक शिपाई सगळ्यांना समजावत होता. पार्बताबाई मागं वळून म्हणाल्या, "काय जी ओमप्रकाशभाऊ, नोटा बी आतच भेटतात का? मले तं बाहीर कोणीच नाई देल्ल्या." रांग लोटपोट झाली. ओमप्रकाशजींनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की काकू, थो नोटा वेगळा, थो दाबला की कोणालेच काही भेटत नाई. "मंग तं थो रोजचाच आहे," पार्बताबाई म्हणाल्या आणि वळल्या.

खोलीत गेल्यावर पहिल्यांदा शाईच लावली. हे ओमप्रकाशजींना अपेक्षित नव्हतं. त्यांना वाटलं होतं, आधी माल निवडायचा, मग हिशेब. इथं आधीच बोटावर गार रेघ ओढली गेली, आणि जन्मभर सांभाळलेलं कोरं बोट गेलं ते इतक्या सहज की त्यांना शोक करायलाही वेळ मिळाला नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागं दोन यंत्रं शेजारी शेजारी होती, त्यांवर चार रंगांचे कागद. प्रभागात जागा चार म्हणून मतं चार. पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. पिवळ्यावर फुलकोबी होती. चित्र छोटं होतं, पण पानं नीट काढली होती. शेजारी बायकोचं नाव, त्यात मधलं नाव स्वतःचं. ओमप्रकाशजींना क्षणभर कळेना की आपण मत देतो आहोत की लग्नपत्रिका वाचतो आहोत. त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला, लाल, बारीक. झालं तर. ते वळून निघाले.

"काकाजी," टेबलामागच्या मॅडम म्हणाल्या, त्या बहुधा कुठल्या तरी शाळेत शिकवत असाव्यात, "शिटी वाजली नाही."

"दाबलं जी म्या."

"चारही दाबावे लागतात. त्याशिवाय यंत्र पुढे जात नाही, मत पूर्ण होत नाही."

"मले एकच देणं आहे."

"तसं चालत नाही. बाकी कोणी नको असेल तर शेवटचं बटण दाबा, वरीलपैकी एकही नाही."

ओमप्रकाशजी परत आडोशामागं गेले आणि तिथंच उभे राहिले. वरीलपैकी एकही नाही! कोणी नको असं कुठं म्हणणं होतं त्यांचं? हवे असंही नव्हतं. त्या तीन कागदांवरच्या लोकांबद्दल त्यांचं काही म्हणणंच नव्हतं. "मॅडम," ते आडोशामागून म्हणाले, "ज्याच्याबद्दल मले मतच नाई त्याचं दान कुठून करू?" मॅडमना हे प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. "चार घ्या नाहीतर एकही नाही, असं आहे का हे?" "हो, असंच आहे," मॅडम म्हणाल्या. म्हणजे ढीग. आयुष्यभर आपण ज्या गिऱ्हाइकांना ढीग उचलायला लावला ती सारी गिऱ्हाइकं आता पुठ्ठ्याआड येऊन मजा पाहत उभी आहेत, असं त्यांना वाटलं. यंत्रावर फुलकोबीपाशी लाल दिवा तसाच लागून होता. तिला दिलेलं मत अजून तिचं झालं नव्हतं. निघून जावं तर ते जाणार. राहावं तर सक्ती. बाहेर रांगेत कुजबुज, मग हसणं, मग कोणीतरी ओरडलं, "अरे, फुलकोबीवाल्या बाईचा नवरा अडकला!" खोलीत बसलेला गजेंद्र, समोरच्या पक्षाचा प्रतिनिधी, म्हणाला, "काकाजी, फुलशेती करून राह्यले का आत?" हा गजेंद्र एरवी गाळ्यावरून सांभाराची जुडी तशीच उचलून न्यायचा. ओमप्रकाशजींच्या कपाळाला घाम आला. घाबरल्याचा नव्हता. त्यांना विलक्षण जिवंत वाटत होतं. इतक्या वर्षांच्या भाषणांत एकदाही असं झालं नव्हतं, की आपल्या वाक्याच्या आत आपण स्वतः सापडलो आहोत आणि दार बाहेरून लागलं आहे.

मग दारात चपलेचा आवाज झाला. उमेदवाराला केंद्रात यायची मुभा असते. साधनाबाई सगळ्या केंद्रांवर फिरत होत्या, कोणीतरी त्यांना सांगितलं असणार. पुठ्ठ्याच्या कडेनं ओमप्रकाशजींना फक्त त्यांच्या साडीचा काठ दिसला आणि धुळीनं भरलेली पावलं. आता मागेल. आता तिनं नुसतं म्हटलं, दाबा ना जी, की मी चार काय चाळीस दाबतो. त्यांचे कान गरम झाले. तेवढ्यात गजेंद्र उभा राहिला. "बाई, इथं मत मागाचं नाई हां. हातही जोडाचे नाई. मी लगेच लिहून देईन, सांगून ठेवतो." खोली एकदम हर्राशीच्या आधीसारखी गप्प झाली. साधनाबाईंनी काय केलं ते त्यांना दिसलं नाही, पण नंतर, मागून येऊन रांगेत उभ्या राहिलेल्या देवमनकडून कळलं, की त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेऊन घट्ट धरले होते, शाळेतल्या पोरीसारखे. आणि त्या मॅडमना म्हणाल्या, "मॅडम, त्यायच्या मांगं लागू नका. मत त्यायचं आहे. लोकायले थांबा म्हणा जरासं." बस, एवढंच. मागणं नाही, दटावणं नाही. सक्तीची बाजू जन्मभर लढलेली बाई दारात उभी राहून त्यांच्या मर्जीची राखण करत होती. मग पावलं वळली आणि काठ दिसेनासा झाला.

ओमप्रकाशजींनी चष्मा पुसला आणि पांढरा कागद वाचायला घेतला. पहिल्यांदा नुसती नावं दिसली. मग एका नावापाशी त्यांना आठवलं, की याचीच जीप बाजाराच्या तोंडाशी आडवी असते आणि पालकाच्या टोपल्या घेऊन बाया तिला वळसा घालून जातात. दुसऱ्यानं नाली उपसून गाळ बरोबर गाळ्यांसमोर टाकला होता. तिसरा पोरगा बरा होता, त्यानं एकदा पार्बताबाईंना पाठुंगळी मारून दवाखान्यात नेलं होतं. अरे, म्हणजे आपल्याला मत आहे! त्यांना भयंकर आनंद झाला. मत आहे, भरपूर आहे, नुसतं कोणी बसवून निवडायला लावलं नव्हतं. टोक मोडून पाहावं, दाबून पाहावं, उजेडात फिरवून पाहावं, तसे ते एकेक नाव पाहत गेले. किडकं बाजूला, कोवळं बाजूला. बाहेर कोणी ओरडलं, "काकाजी, भाजी निवडून राह्यले काय?" "हो," ते आतून म्हणाले. पुढं त्यांनी कुठली बटणं दाबली ते सांगता येत नाही, मतदान गुप्त असतं. शेवटच्या बटणाला यंत्र लांबलचक किंचाळलं. रांगेनं टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या असत्या, पण त्या सरकारी कामावर होत्या.

ते बाहेर आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. फाटकाबाहेर, केंद्राच्या हद्दीची चुन्याची रेघ संपते तिथून चार पावलं पलीकडं, बाजारातल्या बायांच्या घोळक्यात साधनाबाई उभ्या होत्या. सकाळपासून फिरून चेहरा काळवंडला होता, केसांत धूळ होती. ओमप्रकाशजींनी रेघ ओलांडली. साधनाबाईंनी त्यांच्या बोटाकडं पाहिलं, अजून ओल्या असलेल्या शाईकडं. मग पदर डोक्यावर घेतला, नीट सारखा केला आणि गल्लीतल्या एकूण एक दारापाशी केलं होतं अगदी तसंच, कमरेत किंचित वाकून, दोन्ही हात जोडले.

"नमस्कार जी. मी साधना. निशाणी फुलकोबी. ध्यान असू द्या."

ओमप्रकाशजींनी घसा खाकरला, बोट पाठीमागं लपवलं आणि कुठल्याही जबाबदार मतदारासारखं थोडा वेळ आकाशाकडं पाहिलं.

"पाहू," ते म्हणाले. "घरी इचारून सांगतो."